नोव्हेंबरची गारपीट, बहात्तरचा दुष्काळ आणि ग्रामसभेतला वाद

दिंडोरी तालुक्यातील एका तरुण द्राक्षबागाईतदाराने पुढील प्रश्न विचारला आहे. त्यांच्या गावच्या ग्रामसभेत हवामान बदलाच्या विषयावरून दोन तट पडले. एका तटाच्या मते नोव्हेंबर २०२३ ची गारपीट, २०१९ चा लांबलेला पाऊस, गोदावरीचे पूर आणि हिवाळ्यातला ढगाळपणा हे सगळे हवामान बदलामुळेच झाले. दुसऱ्या तटात त्यांचे चुलते आहेत आणि त्यांचा सवाल असा, की बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा एवढ्या गाड्या कुठे होत्या, आणि गारा तर आमच्या लहानपणीही पडत होत्या. यातले खरे कोणाचे, बदल होत असेलच तर त्यात शेतकऱ्याचा दोष किती, आणि या सगळ्यात तीन एकर बागेची छाटणी कोणत्या तारखेला धरावी, अशी त्यांची विचारणा आहे.

गेली तीस वर्षे मी निफाड आणि दिंडोरी या दोन तालुक्यांत द्राक्षबागांना हवामान आणि रोगनियंत्रण यांविषयी सल्ला देत आलो आहे, त्यामुळे हा वाद मी पारावर, बाजार समितीच्या आवारात आणि चर्चासत्रांतही अनेकदा ऐकला आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. बदल खरा आहे आणि तो माणसाच्या करणीतून झालेला आहे. तुमचे चुलतेही खोटे सांगत नाहीत. मात्र पहिल्या तटाने हवामान बदलाच्या खात्यावर अशा काही गोष्टी मांडल्या आहेत, ज्या त्या खात्यावरच्या नाहीत, आणि मला सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

वादाचे निम्मे मूळ आपल्या शब्दांत आहे. आज सकाळी आभाळ भरून आले, तर आपण 'हवामान बदलले' किंवा 'वातावरण खराब झाले' असे म्हणतो, आणि तीस-चाळीस वर्षांची सरासरी सरकली, तरी त्यालाही 'हवामान बदल' हाच शब्द वापरतो. राज्य शासनाने २०२० मध्ये पर्यावरण विभागाच्या नावात 'वातावरणीय बदल' हे शब्द घातले, पण बागेत 'वातावरण' म्हणजे अजूनही आजचे ढग आणि आजची दमट हवा. जुन्या माणसांच्या बोलण्यात 'ऋतुमान' हा शब्द असे आणि तो या कामाला अधिक योग्य होता. एका दिवसाची गार हे त्या दिवसाचे हवामान झाले, तर गार कोणत्या महिन्यात, किती वेळा आणि कोणत्या भागात पडते याची अनेक वर्षांची नोंद हे ऋतुमान झाले. ग्रामसभेत एक तट ऋतुमानाविषयी बोलत होता आणि दुसरा हवामानाविषयी, दोघांच्या तोंडी शब्द मात्र एकच होता.

आता चुलत्यांच्या मुद्द्याकडे येतो, कारण त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. १९७२ चे वर्ष एल निनोचे होते, म्हणजे प्रशांत महासागराचा विषुववृत्तीय पट्टा नेहमीपेक्षा तापलेला होता, आणि अशा वर्षी आपला मॉन्सून बऱ्याचदा दुबळा पडतो. २०१५ मध्ये तसेच झाले आणि २०२३ मध्येही झाले. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ही निसर्गाची जुनी हेलकावणी आहे, ती गाड्यांच्या आधीपासून चालू आहे आणि पुढेही राहणार आहे. दुष्काळ हवामान बदलाने जन्माला घातला, असे कोणताही जबाबदार शास्त्रज्ञ म्हणत नाही. म्हणणे इतकेच आहे, की हेलकावा जुनाच असला, तरी तो ज्या पातळीवरून सुरू होतो ती पातळी आता वर सरकली आहे.

हे समजण्यासाठी आपल्या गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीकडे पाहावे. नाशिककर पिढ्यान्‌पिढ्या पूर मोजतात तो याच मूर्तीवर; पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की छातीपर्यंत गेले, यावरून सराफ बाजारातला दुकानदार माल वर हलवायचा की नाही ते ठरवतो. नदीचा तळ गाळाने हातभर वर आला असे समजा. पाऊस पूर्वीइतकाच पडला, तरी कमरेचे पाणी छातीला जाईल. त्या दिवशी 'हा पूर गाळामुळे आला का' असे विचारले, तर उत्तर 'नाही, पावसामुळे आला' असेच येईल, आणि तरीही ते उत्तर अपुरे असेल. तापलेली पृथ्वी म्हणजे हा वर आलेला तळ आहे. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले, आणि १९५१ ते २०१५ या काळात हिंदी महासागराच्या उष्णकटिबंधातील पृष्ठभागाचे तापमान सुमारे १ अंशाने वाढले, असे केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात नोंदलेले आहे.

हे माणसानेच केले कशावरून, असा पुढचा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर द्राक्षवाल्याला समजावणे मला सर्वांत सोपे जाते, कारण त्याचा निम्मा भाग त्याला आधीच ठाऊक असतो. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी आभाळ निरभ्र दिसले, की निफाडचा बागाईतदार शेकोट्यांची तयारी करतो आणि रात्री ठिबक चालू ठेवतो. आभाळ ढगाळ असले, तर थंडीच्या काळजीने त्याला उठावे लागत नाही. जमिनीतून रात्री वर निघून जाणारी उष्णता ढग अडवून धरतात, हे त्याने पुस्तकातून नव्हे, अंगावर अनुभवलेले असते. कार्बन डायऑक्साइड हेच काम करतो, फक्त डोळ्यांना न दिसता आणि वर्षाचे बाराही महिने. हा गुणधर्म काल-परवा सापडलेला नाही. जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये प्रयोगशाळेत तो मोजला होता, आणि कोळसा जाळत राहिल्यास पृथ्वी किती तापेल याचे गणित स्वान्ते अर्‍हेनियस यांनी १८९६ मध्ये मांडले होते. औद्योगिक काळापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. हवाईच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ मध्ये मोजमाप सुरू झाले, तेव्हा ते सुमारे ३१५ होते आणि आता ४२० च्या वर गेले आहेत.

हा वाढलेला वायू कोळसा-तेलाचाच आहे, याचीही खूण आहे. जिवंत झाडाच्या कार्बनमध्ये एक किरणोत्सारी प्रकार अत्यल्प प्रमाणात असतो आणि तो पन्नासेक हजार वर्षांत जवळजवळ विरून जातो. आपल्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात जळणारा दगडी कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या झाडांचा आहे, त्यामुळे त्यात तो प्रकार उरलेलाच नसतो. जगाच्या हवेतील कार्बनमध्ये हे जुने, खूण पुसलेले कार्बन मिसळत गेल्याचे मोजमापातून दिसते. सूर्याचे तेज वाढले असेल, ही शंकाही रास्त आहे आणि तीही तपासून झाली आहे. १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजत आहेत, तीत वाढीचा कल नाही. शिवाय सूर्यामुळे तापले असते, तर वातावरणाचे वरचे आणि खालचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा स्थितांबर निवतो आहे. खालची उष्णता खालीच अडकते आहे, याची ही सही आहे. ओझोनच्या छिद्रामुळे तापमान वाढते, असेही ग्रामसभेत कोणी म्हणाले असेल. तो वेगळा विषय आहे आणि या वादात त्याची सरमिसळ करू नये.

आपल्या जिल्ह्यापुरते यातून काय निघते, हा खरा प्रश्न आहे आणि येथे मी थोडा अधिक वेळ घेतो.

सर्वांत भक्कम पुरावा पावसाच्या स्वभावाविषयी आहे. हवा १ अंशाने तापली, की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, म्हणून पाऊस न पडण्याचे दिवस लांबतात आणि पडला की एकदम कोसळतो. मध्य भारताच्या ज्या पट्ट्यात महाराष्ट्रही येतो, तेथे १९५० ते २०१५ या काळात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील डॉ. रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. त्याच काळात देशाचा एकूण मॉन्सूनचा पाऊस मात्र काहीसा घटला आहे. दुसरी गोष्ट अरबी समुद्राची. एकेकाळी चक्रीवादळे म्हणजे बंगालच्या उपसागराचे दुखणे, असे आपण समजत होतो. नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' आले, २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस 'क्यार' आणि 'महा' ही दोन वादळे एकाच वेळी अरबी समुद्रात होती, आणि ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' अलिबागजवळ किनाऱ्यावर आले. तापलेला अरबी समुद्र वादळांना अधिक बळ पुरवतो आणि त्यांची संख्याही वाढली आहे, हे नोंदींवरून स्पष्ट आहे.

याचा अर्थ बागेत कसा उतरतो ते २०१९ ने दाखवले. सप्टेंबरच्या मध्यावर छाटलेल्या बागा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात फुलोऱ्यात होत्या आणि पाऊस थांबत नव्हता. निफाड तालुक्यातील एका बागेत मी सकाळी सात वाजता गेलो होतो, तो दिवस मला विसरता येत नाही. पानांच्या वरच्या बाजूला फिकट पिवळे, तेलकट डाग होते; पान उलटून पाहिले, तर डागाच्या बरोबर खाली डाऊनी या रोगाची पांढरी बुरशी पीठ भुरभुरल्यासारखी बसलेली होती, आणि घडाच्या देठाला बोट लावताच कळ्या तळहातावर गळून पडत होत्या. औषध घरात होते, पैसे खर्चून आणलेले होते, पण जमिनीला वाफसा, म्हणजे काम करता येईल इतपत कोरडेपणा, नसल्यामुळे ट्रॅक्टर दोन ओळींत शिरू शकत नव्हता. बागाईतदाराने पाठीवर पंप घेऊन मजुरांसह फवारणी केली, आणि ती संपायच्या आत पुन्हा सर आली. डाऊनीला लागणारे गणित साधे आहे. साधारण वीस अंशांच्या आसपास तापमान आणि पान सलग काही तास ओले, एवढे तिला पुरते. पूर्वी ऑक्टोबरच्या मध्यानंतर आभाळ मोकळे होईल, या भरवशावर आपले छाटणीचे सगळे वेळापत्रक बसलेले होते. तो भरवसा आता राहिलेला नाही, आणि हवामान बदल म्हणजे नेमके काय, असे मला कोणी विचारले, तर मी हेच सांगतो.

दुसरा फटका दिसत नाही, म्हणून त्याची चर्चाही होत नाही. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते; एप्रिलच्या पहिल्या, म्हणजे खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या टप्प्यात काडीच्या डोळ्यात, म्हणजे तिच्यावरच्या कोंबात, पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपाने तयार होतो, आणि त्यासाठी कडक ऊन लागते. मे २०२५ मध्ये राज्यभर अवकाळी पाऊस झाला आणि २६ मे रोजी मॉन्सून मुंबईत पोहोचल्याचे जाहीर झाले, म्हणजे ज्या दिवसांत काडीवर ऊन पडायला हवे होते, त्या दिवसांत तिच्यावर ढग होते. अशा वर्षी ऑक्टोबरात बाग हिरवीगार फुटते आणि तिच्यात घडच नसतात.

आता गारपीट. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्राच्या बहुतांश जिल्ह्यांत आणि २६ नोव्हेंबर २०२३ रोजी आपल्या जिल्ह्यात जी गारपीट झाली, तिचे दुःख मी पाहिले आहे, त्यामुळे पुढचे वाक्य मी कोरडेपणाने लिहीत नाही. गारपिटीच्या बाबतीत पुरावा अतिवृष्टीइतका भक्कम नाही. आंतरसरकारी हवामान बदल समितीच्या २०२१ च्या अहवालाने 'माणसाने पृथ्वी तापवली हे निर्विवाद आहे' असे म्हटले, आणि त्याच अहवालाने गारांचे प्रमाण वाढते आहे की घटते आहे, याविषयी मात्र कमी खात्री नोंदवली, कारण गार अगदी छोट्या पट्ट्यात पडते आणि तिच्या जुन्या, सलग नोंदी जगभरच तुटपुंज्या आहेत. उत्तरेकडून येणारी थंड, कोरडी हवा वर आणि अरबी समुद्राचे बाष्प खाली, अशी गाठ पडली की गार पडते; समुद्र तापल्याने यातले बाष्प वाढते, पण एवढ्यावरून अमुक दिवसाची गार हवामान बदलाचीच, असे शपथेवर सांगता येत नाही. ग्रामसभेतल्या वक्त्याने ते सांगितले असेल, तर त्याने बाजू बळकट करण्याऐवजी दुबळी केली, कारण चुलत्यांनी लहानपणी पाहिलेली एक गार पुढे आली, की त्याचे सगळेच म्हणणे खोटे वाटू लागते.

हीच गोष्ट उलट बाजूनेही खरी आहे. डिसेंबर २०१८ मध्ये निफाडचा पारा २ अंशांच्या आसपास उतरला, तेव्हा 'कुठे आहे तुमची तापमानवाढ' असे मला फोन आले. एका रात्रीची थंडी तापमानवाढ खोडून काढत नाही, जसा एका दिवसाचा उकाडा ती सिद्ध करत नाही. मी स्वतः घराजवळ पांढऱ्या झडपांच्या पेटीत तापमापी ठेवून वर्षानुवर्षे नोंदी केल्या आहेत, तरी त्या मी पुरावा म्हणून कोणापुढे ठेवत नाही, कारण या काळात पेटीच्या एका बाजूला शेततळे झाले आणि दुसऱ्या बाजूला बंगले उभे राहिले. शहरे वाढल्यामुळेच तापमान वाढलेले दिसते, हा आक्षेपही याच जातीचा आहे. त्याचे उत्तर असे, की ज्या समुद्रावर ना बंगले आहेत ना डांबरी रस्ते, तोही तापला आहे.

आणि आता त्या काळजीकडे, जिचा उल्लेख मी सुरुवातीला केला. 'हवामान बदल' ही एक सोयीची सबब होत चालली आहे. ४ ऑगस्ट २०१९ रोजी गोदावरीला महापूर आला आणि दुतोंड्या मारुती बुडाला. पाणलोटात पाऊस प्रचंड होता, हे खरे. पण निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीच्या पुरासाठी मोकळ्या ठेवायच्या हद्दीच्या, आत बांधकाम करण्याची परवानगी ढगांनी दिलेली नव्हती. नाले बुजवून त्यांवर रस्ते केले, ते अरबी समुद्राने केले नाहीत. जे आपल्या हातात होते, तेही जगाच्या हवेवर ढकलले, की कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही. एका वर्षी एका गावात गारांचा पट्टा अर्ध्या शिवारावरून गेला; मी स्वतः त्या बागांत उभा राहून फुटलेले मणी पाहिले. विमा हवामानावर आधारित होता आणि त्या महसूल मंडळाचे स्वयंचलित केंद्र काही किलोमीटरवर होते, जेथे त्या दिवशी थेंबही पडला नव्हता. त्यामुळे भरपाई नाकारली गेली, आणि कारण विचारायला गेलेल्या शेतकऱ्याला 'हवामान बदलामुळे आता असेच होणार' असे उत्तर मिळाले. त्या उत्तराचा मला आजही संताप येतो. पाऊस अधिकाधिक तुकड्यातुकड्यांत पडणार, हे जर माहीत आहे, तर मोजणारी केंद्रे गावागावांत असली पाहिजेत. बदल ज्ञात असणे हे तयारी न करण्याचे कारण कसे होऊ शकते?

झाडांविषयीही एवढेच सांगतो. तपोवनातली झाडे राखण्यासाठी नाशिककर भांडले, ते योग्यच होते, कारण सावली, पक्षी आणि शहरातला उकाडा या सगळ्यांशी त्या झाडांचा थेट संबंध आहे. मात्र झाडे लावली म्हणजे कोळशाचा हिशेब मिटला, असे कोणी सांगितले, तर ते मान्य करू नका.

तुमच्या दोषाविषयी. भारतात दरडोई कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन वर्षाला सुमारे २ टन आहे आणि अमेरिकेत ते सुमारे १४ टन आहे. दिंडोरीच्या बागाईतदाराने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. छाटलेली काडी जाळल्याने हवेत जाणारा कार्बन त्या वेलीने मागच्या वर्षीच हवेतून घेतलेला असतो, त्यामुळे ती कोळशाच्या बरोबरीची नव्हे. ती जाळू नये ते धुरासाठी आणि जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढवण्यासाठी, म्हणून कुट्टी करून ओळीत टाकावी. जास्तीच्या युरियाचे मात्र तसे नाही. पिकाने न उचललेल्या नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो आणि तो वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता अडवतो. माती आणि देठ तपासून नत्र दिले, तर तुमचा खर्च वाचेल आणि वेलीचा माज, म्हणजे पानांची बेसुमार वाढ, तीही कमी होईल; दाट पानोऱ्यात भुरी आणि डाऊनी हे दोन्ही बुरशीजन्य रोग लवकर येतात, हे वेगळे सांगायला नको.

छाटणीसाठी एक तारीख मी देणार नाही. तीन एकर एकाच दिवशी छाटणे म्हणजे तिन्ही एकर एकाच पावसासमोर फुलोऱ्यात उभे करणे होय. सप्टेंबरच्या अखेरीपासून दहा-बारा दिवसांच्या अंतराने एकेक एकर धरा; मजुरांची ओढाताण होईल, पण सगळा माल एका रात्रीत जाणार नाही. लवकर धरलेल्या एकरावर प्लास्टिकचे आच्छादन परवडत असेल, तर जरूर करा, कारण पान कोरडे राहिले की डाऊनीचे बळ संपते; आच्छादनाखाली भुरीकडे आणि फुलकिड्यांकडे मात्र जास्त लक्ष द्यावे लागते. आणि मेमध्ये ढग राहिलेल्या वर्षी कात्री लावण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येक एकरातून दहा-बारा काड्या काढून सूक्ष्मदर्शकाखाली डोळे तपासून घ्या. घड सहाव्या डोळ्यावर आहे की नवव्या, हे कळल्याशिवाय नेहमीच्या सवयीने सगळ्या काड्या एकाच ठिकाणी कापू नका. जेथे घड आहे त्याच्या पुढे कात्री लावा, आणि ज्या काडीत घडच नाही, ती दोन डोळ्यांवर आणून पुढच्या वर्षासाठी राखून ठेवा.